टाच नसलेले मोजे

एका गेलेल्या बाईच्या नावाने मी तिच्या नवऱ्याला संध्याकाळी स्वयंपाकघरात बोलावत होतो. पहिल्या दिवशी मला ठाऊक नव्हतं की मी बोलावतो आहे. दुसऱ्या दिवशी कळलं. कळल्यावरही मी थांबलो नाही. माझी चूक ही. ती आधीच सांगून टाकतो, नाहीतर काकांबद्दल लिहिता लिहिता मी एखाद्या सज्जन भाडेकरूसारखा दिसायला लागेन.

काका माझे घरमालक. देवळाली कॅम्पच्या बाजारातून आत वळलं की त्यांचं घर होतं, खाली ते आणि वर मी. माझी सातपूरच्या कारखान्यात बदली झाली होती. बायकोची शाळा आणि मुलीची दहावी जळगावला, म्हणून मी एकटाच आलो होतो. काका तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे निफाडकडचे. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं.

"कुठले?"

"जळगावचा."

"आठ नंबर. डावा पाय जरा मोठा हाय. चप्पल चावत असंल."

चावत होती. त्यांनी माझं नाव काही विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून मी 'जळगाव' झालो. "ए जळगाव, पाणी आलंय!" "जळगाव, तुझी बनियन फाटलीय, टाक खाली."

बनियन खाली टाकायची गरज नसायची. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतून ते फाटका कपडा हेरून घेऊन जात आणि संध्याकाळी तो घडी करून माझ्या पायरीवर ठेवलेला असे. रफू करताना भोकाच्या आत एक उडालेला बल्ब धरायचे आणि त्याच्या गोलाईवर आडवे-उभे धागे घालायचे. धागा मात्र कायम लाल. कपडा कुठल्याही रंगाचा असो. मी एकदा विचारलं, "काका, पांढऱ्यावर पांढरा नाही का चालणार?"

"का? लपवायचं काय त्यात?"

एकदा आम्ही दोघं एसटीने नाशिकरोडला चाललो होतो. पुढच्या सीटचं रेक्झिन उसवलं होतं. काकांनी खिशातून सुई-दोरा काढला आणि शिवायला बसले. कंडक्टर आला.

"बाबा, काय करताय?"

"सरकारी माल फाटलाय."

"मग?"

"मी सरकारी पेन्शन खातो."

कंडक्टर डोकं खाजवत पुढे गेला. नाशिकरोड आलं तरी काकांचा टाका संपला नव्हता. आम्ही पुढच्या स्टॉपला उतरलो आणि चालत मागे आलो. वाटेत म्हणाले, "भोक बारीक असताना धरावं लागतं, जळगाव. मोठं झालं की तेच आपल्याला धरतं." तेव्हा मी हसलो होतो.

त्यांचं खरं काम मात्र मोज्यांचं. कुठल्याशा बर्फातल्या पोस्टिंगवर एका पहाडी सोबत्याकडून ते मोजे विणायला शिकले होते. चार बारीक सुयांवर टाके चौकोनात धरायचे आणि पाचवीने गोल गोल विणत जायचं. जवळच्या तोफखान्याच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, कपाटातली भांडी एकमेकांना लागायची. काकांच्या सुया थांबत नसत. "उजवा कान मी सरकारजमा केलाय," म्हणायचे. त्या कानाने त्यांना खरंच काही ऐकू येत नव्हतं. पण माणूस कुठे चाललाय, कसा चाललाय हे त्यांना जमिनीतून कळायचं. सकाळी मी जिना उतरलो की वर न बघताच सांगत, "रात्री जेवला नाहीस. पाय हलका पडतोय." हे बरोबर निघायचं. त्याची थोडी भीतीही वाटायची. पुढे पुढे मी वरच्या खोलीतसुद्धा चवड्यांवर चालायला लागलो होतो.

त्यांनी मला मोज्यांचे दोन जोड दिले. त्यांना टाच नव्हती. सरळ नळी, पुढे बंद केलेली.

"टाच?"

"घालत राहा. होते आपोआप."

टाच वळवायची म्हणजे गोल चाललेलं विणकाम थांबवून पुढे-मागे विणायचं, टाके कमी करायचे, मग बाजूचे टाके पुन्हा उचलायचे. काकांना ते कधीच जमलं नाही. लग्न झाल्यापासून ते नळी विणत आणि टाचेपाशी आले की सुयांसकट मोजा काकूंच्या हातात देत. काकू टाच वळवून परत करत. मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून त्या घरातल्या मोज्यांना टाच नव्हती.

काकूंबद्दल ते फार बोलत नसत. दोन वेताच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यातली एक रिकामी. त्या खुर्चीमागच्या प्लगला एक चार्जर लोंबकळत असे, नुसताच. "गेलेलं माणूस गेलं," असं एकदा म्हणाले, तेही टाके मोजता मोजता. मला ते फार शहाणे वाटले. आणि खरंच होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते पूर्ण भानावरचे होते.

विणकामाच्या जोडीला त्यांचा आणखी एक नाद होता. फोनवरचा फळं फोडायचा गेम. तीन सारखी फळं एका रांगेत आणली की ती फुटतात, तो. हरलात की एक लाइफ जाते. पाच लाइफ संपल्या की अर्धा तास थांबायचं, किंवा गेममधल्या मित्राकडे मागायची. मित्राने बोट लावलं की लाइफ येते आणि फोन गुरगुरतो. काका त्या थांबण्याच्या वेळात विणत. पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस, नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर लोकर, आणि "आयला, परत केळं आलं!" अशी ओरड. रविवारी दुपारी हे ऐकत मी वर पडून राहायचो. इतकं निवांत मला जळगावच्या घरीही कधी वाटलं नव्हतं.

एका पावसाळ्यात त्यांनी लोकरीचे गुंडे ट्रंकेत भरायला घेतले. पुण्याहून त्यांची मुलगी सारखी फोन करत होती. मी तिला ताई म्हणायचो. काकांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशन लवकर करा, यात गेलेली नजर परत येत नाही. ताई म्हणत होती, इकडे या, मी सगळं बघते.

"दसरा झाला की जातो," काका मला म्हणाले. "घर बंद करतो. तू बघ बाबा दुसरीकडं."

मग त्यांनी ट्रंकेतून एक फोन काढून माझ्या हातात दिला. "हिचा हाय. चालूच होत नाही. आत फोटो हायेत तेवढे काढून दे, बरोबर नेतो."

बाजारातून मी त्यात नवी बॅटरी घालून आणली. संध्याकाळी वर बसून, माझ्या फोनवरून इंटरनेट देऊन, फोटो पाठवून घेत होतो. तेवढ्यात स्क्रीनवर एकामागोमाग एक चौकोन यायला लागले. सगळे त्याच गेमचे. काकांचं नाव, आणि खाली, 'एक लाइफ पाठवाल का?' गेममध्ये काकांच्या यादीत एकच मित्र होता. लाइफ संपली की ते मागत आणि मागणी या बंद फोनकडे जाई. काकू गेल्यापासूनच्या मागण्या माझ्या हातात येऊन थांबल्या होत्या.

शेवटची मागणी नुकतीच आली होती. मी बोट लावलं.

का लावलं? गंमत म्हणून असेल. बिचाऱ्यांना एक लाइफ मिळेल म्हणून असेल. खाली वेताची खुर्ची करकरली. चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग गॅस पेटल्याचा आवाज आला.

सकाळी काका जिन्याच्या तळाशी उभे होते. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

"जळगाव, काल तिने बोलावलं."

"कोणी?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. स्वयंपाकघर त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला. उजवा कान गेलेला. काकू 'चहा झाला' म्हणून किती हाका मारायच्या, यांना पत्ताच नसायचा. शेवटी काकूंनी हाका सोडून दिल्या. चहा झाला की त्या गेममधून एक लाइफ पाठवत. खिशात फोन गुरगुरला की काका उठून आत जात. शेवटची काही वर्षं त्या घरात चहाची हाक अशीच जायची.

"काल गुरगुरला," काका म्हणाले. "तिचंच नाव. आत गेलो तर कोणी नाही. म्हटलं, बोलावलंय तर चहा टाकावा. दोन कप टाकला."

फोन माझ्या बॅगेत होता. 'काका, तो मी होतो' एवढं म्हटलं असतं की झालं असतं. ते चिडले असते, मग हसले असते, एखादी शिवी दिली असती. भोक तेव्हा बारीक होतं.

मी म्हणालो, "फोटो निघाले, काका. फोन मात्र गेला. आता चालू नाही होणार."

त्या संध्याकाळी मी पुन्हा बोट लावलं. आणि दुसऱ्याही. मग मला त्याची सवय लागली. कारखान्यातून यायचं, हातपाय धुवायचे, आणि ते करायचं. खाली खुर्ची करकरायची, पावलं आत जायची. माझ्या एका बोटावर कोणीतरी इतक्या आनंदाने उठतं याची मला चटक लागली. घरी बायकोला मी फोन केला तर ती म्हणायची, "काय काम होतं?" हे कारण म्हणून सांगत नाही. काका पुण्याला गेले असते तर मला ती खोली सोडावी लागली असती, हाही विचार तेव्हा माझ्या मनात कुठेतरी होता का, असं मी स्वतःला विचारलं आहे. नव्हता असं छातीठोक सांगता येत नाही.

काका बदलले. ट्रंकेतली लोकर परत टोपलीत आली. दुसऱ्या खुर्चीवरची धूळ पुसली गेली. आणि एक दिवस मी पाहिलं, की अर्धा मोजा सुयांसकट त्या खुर्चीवर ठेवलेला आहे. टाचेपर्यंत विणलेला.

"हे असं का ठेवलंय?"

"तिचं काम हाय ते," काका अगदी सहज म्हणाले. "येते तर करंल."

मी त्या मोज्याला हात न लावता वर निघून आलो.

दसऱ्याच्या आसपास ताई आली. ओसरीवर बाप-लेकीचं भांडण चाललं होतं. मी जिन्यात उभा होतो.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते कळलंय का तुम्हाला? डोळा जाईल!"

"जाऊ दे की. दुसरा हाय."

"दोन महिन्यांपूर्वी यायला तयार होतात ना? आता काय झालं?"

काका जे म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. "अगं, ती इथं चहा टाकती. आन् मी पुण्यात बसू? घर बंद दिसलं तर ती कुठं जाईल?"

ताईने वर माझ्याकडे पाहिलं. रडत होती. "तुम्ही तरी समजवा ना यांना."

मी मान हलवली. समजावणाऱ्यासारखी. आणि खोलीत जाऊन काकूंचा फोन बंद केला, टेबलाच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं. मी मनात हिशेब केला होता, की लाइफ येणं थांबलं की काका थोडे दिवस वाट बघतील, मग जातील. मला तोंड उघडावं लागणार नाही.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम खाली त्यांच्यासमोर येऊन बसलो. उजेड होता अजून. रेंजवर सामसूम होती. काका विणत होते. फोन मधल्या लाकडी स्टुलावर होता. मी काहीतरी बोलत होतो, कारखान्यातलं.

फोन गुरगुरला.

स्टुलावर तो थोडा सरकलासुद्धा. मी वाकून पाहिलं. काकूंचा कुंकू लावलेला फोटो, बाजूला लाल बदाम, आणि खाली, 'तुम्हाला एक लाइफ पाठवली आहे.'

काका उठले. "उशीर केला आज," असं म्हणत आत गेले. मी वर धावलो. कुलूप जसंच्या तसं. फोन आत, बंद, थंड. मी तो छातीशी धरून खाटेवर बसलो आणि खालून येणारा कपबशांचा आवाज ऐकत राहिलो. आवाज दोन कपांचा होता.

पुढे कारखान्यातला एकजण म्हणाला की असे गेम स्वतःहूनच जुन्या नावाने काहीबाही पाठवतात, माणसाने पुन्हा खेळावं म्हणून. असेलही. मी कधी खात्री करून घेतली नाही.

महिना संपायच्या आत मी घर सोडलं. काकांना सांगितलं की जळगावला परत बदली झाली. ते फाटकापर्यंत आले, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाय जड पडतोय तुझा. घरी जाणाऱ्याचा असा नसतो." मी पंचवटीत एका गल्लीत खोली घेतली होती. तिथून देवळाली कॅम्पला बस जाते. मी कधी तीत बसलो नाही. काकूंचा फोन माझ्याच बॅगेत राहिला.

काही वर्षं गेली. मग ताईचा फोन आला. नोकरी बदलून ती आता बापाजवळ राहायला आली होती. "बाबांचा डावा डोळा पूर्ण गेला. उजव्याने नुसता उजेड दिसतो. सारखं विचारतात, जळगाव कुठंय म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यानंतरही मला जायला बरेच महिने लागले.

गेलो तेव्हा दुपार कलत होती. ताईने दार उघडलं. "बसा, मी बाजारातून येते," म्हणून पिशवी घेऊन निघाली. काका त्याच खुर्चीत होते. विणत होते, बोटांनी टाके चाचपत. गेम आता त्यांना दिसत नाही, पण फोन खिशात होता. मी दोनच पावलं आत टाकली.

"जळगाव."

"हो, काका."

"अजून तसाच जड चालतोस."

मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो. आणि तेव्हा मला त्यांचे पाय दिसले. राखाडी मोजे, स्वच्छ विणलेले. त्यांना टाच होती. नीट वळवलेली, बाजूचे टाके एकसारखे उचललेले.

"टाच शिकलात तुम्ही?"

"नाही."

"ताईने केली?"

"तिला बटण लावता येत नाही धड."

मी पुढे विचारलं नाही. बॅगेतून काकूंचा फोन काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो चाचपला, मागच्या बाजूची चीर बोटाने ओळखली. मी सगळं सांगितलं. बॅटरी, पहिलं बोट, 'फोन गेला' म्हणून मारलेली थाप, रोजच्या संध्याकाळी, जिन्यात उभं राहून ऐकलेलं भांडण, आणि माझ्यामुळे गेलेला डोळा.

काकांच्या सुया थांबल्या होत्या.

"कधीपर्यंत केलंस?"

"दसऱ्यापर्यंत. ताई आली होती ना, त्या दिवसापर्यंत. मग फोन बंद केला. आज बॅगेतून काढला तो तसाच."

"बंद?"

"बंद."

मी वाट बघत होतो, की आता त्यांचा सगळा आधार कोसळणार, आणि तो मी कोसळवला. पण त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते समाधान होतं, अगदी शांत.

"दसऱ्यापर्यंत तू," ते हळू म्हणाले. "म्हणजे पुढचं सगळं तू नाहीस."

त्यांचं फाटलेलं शिवायला आलो होतो आणि भोक आणखी मोठं करून बसलो होतो.

"काका, मला माफ करा. डोळा गेला तुमचा. माझ्यामुळे."

"डोळा माझा होता. मी दिला," ते म्हणाले. "मला कशाला हात जोडतोस? नाव कोणाचं वापरलंस?"

"काकूंचं."

"मग?"

त्यांनी हातातला मोजा सुयांसकट शेजारच्या खुर्चीवर ठेवला. टाचेपर्यंत विणलेला होता. मग दिसत नसलेले डोळे खिडकीकडे वळवले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी गुडघ्यांवर वळलो आणि रिकाम्या खुर्चीसमोर हात जोडले. प्रौढ माणसाला जितकी लाज वाटू शकते तितकी वाटत होती. पण त्या क्षणी ती खुर्ची रिकामी आहे असं मला काही म्हणवत नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "मी तुमच्या नावाने यांना हाक मारली. ती हाक तुमची होती, माझी नव्हती. चुकलो. मला माफ करा."